उतरत्या छपराला जाडी कशी द्यायची?

पौडरोडकर: बंगल्याचं छप्पर स्केचअपमध्ये (थ्रीडी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) काढतेय. उतार ३० अंश, स्लॅब १५० मिमी. चारही पाखी (उतरते भाग) पुश-पुलने, म्हणजे पृष्ठभाग ढकलून, जाड केली की सांध्यांत फटी. सॉलिड (सगळीकडून बंद घन आकार) होतच नाही!

जुनाड्राफ्ट्समन: होणारच. पुश-पुल प्रत्येक पाखं स्वतःच्या काटकोनात ढकलतं. चारही एकदम निवडा, मूव्ह-कॉपीने (मूळ तसंच ठेवून) त्यांची प्रत सरळ खाली उतरवा, कडा रेषांनी बंद करा, मग ग्रुप. उतरवताना मात्र १७३ मिमी धरा (१५० भागिले कोसाइन ३०). १५०च उतरवलंत तर स्लॅब १३०चा भरेल, आणि आरसीसीवाले (काँक्रीटचं डिझाइन करणारे) साहेब सोडणार नाहीत.

सदाशिवपेठी: एन्टिटी इन्फोत (निवडलेल्या वस्तूची माहिती दाखवणारी चौकट) 'सॉलिड ग्रुप' दिसतंय का? नसेल तर बहुधा आत एखादा फेस (पृष्ठभाग) अडकलाय. शोधा, उडवा.

पौडरोडकर: फेस आढ्याखालीच होता. आता घनफळही दिसतंय. थँक्यू काका!