मदत हवी आहे: वेस्टर्न ब्लॉटमध्ये लोडिंग कंट्रोलच बदलतोय

एमएससीच्या प्रकल्पासाठी एमसीएफ-१०ए (कर्करोग नसलेल्या स्तनपेशी) आणि एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) यांच्यातलं एचएसपी७० चं (ताणात पेशीला सांभाळणारं प्रथिन) प्रमाण वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रथिनं जेलवर वेगळी करून पडद्यावर पट्ट्यांच्या रूपात पाहून, तपासतेय. घोडं अडलंय ते जीएपीडीएचवर, म्हणजे सगळ्या नमुन्यांत सारखं असायला हवं अशा तुलनेच्या प्रथिनावर (लोडिंग कंट्रोल). प्रत्येक लेनमध्ये (जेलमधली एका नमुन्याची रांग) २० मायक्रोग्रॅम प्रथिन टाकूनही एमसीएफ-७ चा पट्टा कायम जाड येतो. कर्करोगाच्या पेशींत ग्लुकोजचं विघटन वाढतं आणि जीएपीडीएच त्याच साखळीतलं, म्हणजे संशयाला जागा आहे. जीएपीडीएचच्या आकड्याने भागलं की एचएसपी७० मधला फरक जवळपास नाहीसाच होतो.

करून पाहिलेलं: बीसीएने (प्रथिन मोजायची रंगचाचणी) प्रथिन पुन्हा मोजलं, नमुने नव्याने काढले, लेनचा क्रम उलटा केला. बीटा-अ‍ॅक्टिनही (दुसरं लोडिंग कंट्रोल) लावलं, पण तेही दोन्हीकडे सारखं येत नाही. पाँसो एसने (सगळ्या प्रथिनांना लागणारा रंग) पडदा रंगवला तर लेन डोळ्यांना सारख्या दिसतात.

अडचणी: मास स्पेक (वस्तुमानावरून प्रथिनं मोजणारं यंत्र) आवाक्याबाहेर, स्टेन-फ्री जेल (वेगळा रंग न लावता सगळी प्रथिनं दाखवणारं) मिळणार नाही, पडदा पीव्हीडीएफचा (एक प्लास्टिक). दोन्ही पेशींचं माध्यमही वेगळं (१०ए ला ईजीएफ (पेशीवाढीचा घटक), इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन लागतं), त्याचा परिणाम वेगळा तपासणारच आहे, तेव्हा तूर्त तो विषय नको.

पाँसोची अख्खी लेन इमेजजेमध्ये (चित्रातली तीव्रता मोजणारं सॉफ्टवेअर) मोजून त्याने एचएसपी७० ला भागलं तर परीक्षक मान्य करतात का? पीव्हीडीएफवर रंग फिका येतो, मग त्यासाठी नायट्रोसेल्युलोजकडे वळावं का? आणि पट्टा संपृक्त होत नाही (म्हणजे प्रथिन वाढलं तरी पट्टा गडद व्हायचा थांबत नाही) हे दाखवायला ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅमची मालिका दोन्ही पेशींची लावावी लागेल की एकीची पुरेल?