डायनोजेस्ट चालू असताना स्पॉटिंग

प्रश्न: ४ सेंमीची चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढल्याने, अंडाशयात झालेली जुन्या रक्ताची गाठ), त्यावर डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिग्रॅ रोज. दुसऱ्या महिन्यातही रक्ताचे डाग पडतायत (स्पॉटिंग). गोळी लागू पडत नाही का? लॅपरोस्कोपीशिवाय (पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय) निदान पक्कं धरतात?

मेघना: सुरुवातीचे काही महिने डाग पडतातच, वेदना कमी झाली का ते बघा. रोज एकच वेळ, मधे खंड नाही. गोळीनंतर ३-४ तासांत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, असर घटतो.

निखिल: एंडोमेट्रिओसिसच्या युरोपियन मार्गदर्शिकेने २०२२ मध्ये निदानासाठी लॅपरोस्कोपीचा आग्रह सोडला. सिस्ट सोनोग्राफीत दिसते. पोटातले एंडोमेट्रिओसिसचे वरवरचे ठिपके मात्र निसटतात. निदानासाठी सीए-१२५ या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका.

मेघना: मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करा. सिस्ट सोलताना चांगली स्त्रीबीजंही जातात.