कोकणातल्या घरात डिशवॉशर घेतलाय? तुमचे अनुभव लिहा

भांडी घासायचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. रत्नागिरीतली दोन दुकानं फिरून आलो. कढईसाठी ७० अंशांचा प्रोग्राम, आतून स्टीलचा टब, १४ सेटिंग (म्हणजे १४ जणांची ताटं-वाट्या मावतील एवढी जागा) हे सगळं उत्साहाने दाखवलं गेलं. पण पाणी विहिरीचं की नळाचं, टाकी किती उंचीवर, असं कुणीच विचारलं नाही. घरात आम्ही ६ माणसं. बायको सकाळीच शाळेत शिकवायला निघते, मी कामावर. मागे उरलेली भांडी आई मोरीत खाली बसून घासते. गुडघे धरून तिला उठताना बघवत नाही. बजेट ४० हजारांच्या आसपास. समुद्राजवळ राहून ज्यांनी किमान दोन पावसाळे यंत्र वापरलंय, त्यांनी सविस्तर लिहा. घेऊन पस्तावला असाल तर तेही हवंय.

देवगडजवळून

आमच्या यंत्राला सहा वर्षं झाली. मी कंपनीच्या आधी मेकॅनिक निवडला. दोन कंपन्यांच्या सर्व्हिसला फोन करून एवढंच विचारलं, "तुमचा माणूस येणार कुठून?" एकीचा कणकवलीहून येत होता, दुसरीचा कोल्हापूरहून. कणकवलीवाली घेतली. चौथ्या वर्षी पाणी बाहेर फेकणारा पंप गेला, तिसऱ्या दिवशी बदलून मिळाला. शेजाऱ्यांचं यंत्र आमच्यापेक्षा महाग, पण भर पावसात घाट बंद पडला आणि एका पार्टसाठी त्यांचं यंत्र महिनाभर पडून राहिलं.

दुसरी गोष्ट मिठाची. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं. यंत्रात जे खास मीठ घालतात ते पाण्याचा जडपणा काढण्यासाठी, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बसवायला आलेल्या मुलाने सवयीने जडपणाचा आकडा सगळ्यात वर लावला, आणि मीही प्रत्येक वेळी पावडरचा कप भरभरून घालत होते. वर्षभरात काचेचे पेले धुरकट झाले. मला वाटलं क्षार बसलेत. व्हिनेगर लावून चोळलं तर जाईना. क्षार असते तर गेले असते. ही काचच झिजली होती. पाणी मऊ आणि पावडर जास्त असली की असं होतं आणि ती काच पुन्हा चमकत नाही. आता आकडा खाली आणलाय, पावडर निम्मी केलीय. भांडी तेवढीच स्वच्छ निघतात. यंत्र बसवायच्या आधी जडपणा तपासायची पट्टी आणून पाणी बघा. टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या) मीटरवरून जडपणा कळत नाही.

वेंगुर्ल्याहून, खाडीकाठून

वरच्या ताई म्हणतात ते जांभ्यावर खरं. आमच्याकडे एप्रिल संपता संपता विहीर मचूळ होते. समुद्राचं पाणी आत शिरतं. यंत्रातलं मीठ हा खारटपणा काढत नाही, हे मला दोन चमचे आणि एक डबा खराब झाल्यावर कळलं. स्टीलवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके पडले. आता मे महिन्यात आम्ही यंत्र बंदच ठेवतो आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर विहीर गोडी झाली की सुरू करतो. नळाचं पाणी असेल तर सहसा हा प्रश्न येत नाही.

एक आगराचं (नारळी-केळीच्या बागेचं) सांगतो. आमच्या मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं, तिथून पुढे केळीकडे. यंत्र अधूनमधून स्वतःचं मिठाचं पाणी बाहेर टाकतं. माड खारं पाणी सोसतो, केळ सोसत नाही. केळीचे दोन लोंगर (घड) वाया गेल्यावर मी यंत्राची नळी वेगळी काढून थेट माडाला दिली.

दापोली तालुक्यातून

माझ्या सासूबाईंचा आधी सक्त विरोध. "घरात दोन बायका असताना भांडी पेटीत कशाला घालायची?" मी वाद घातला नाही. गणपतीत मुंबईहून १४ माणसं आली, त्या पाच दिवसांत यंत्र दिवसातून तीनदा लावलं. अनंत चतुर्दशीनंतर त्यांनीच मला विचारलं, "ती पावडर संपत आलीय का बघ, मागवायला हवी." आता ताटं लावायचं काम त्या कुणाला देत नाहीत, आणि लावतातही माझ्यापेक्षा चांगली: सगळ्याचं तोंड खाली आणि मधल्या फवाऱ्याकडे, वाट्या एकात एक न अडकवता.

काय घालायचं नाही ते नीट सांगते, कारण पहिल्या महिन्यात आम्ही खूप नुकसान करून घेतलं. बिडाचा तवा अजिबात नाही. घावन काढायला वर्षानुवर्षं तेल पिऊन तयार झालेला सासूबाईंचा तवा एका फेरीत तांबूस होऊन निघाला, त्या दिवशी मला रडू आलं. अॅल्युमिनियमचे टोप आणि कुकर काळे पडतात. स्टीलचा कुकर चालतो, शिटी आणि रिंग काढून. पितळ, तांबं, लाकडी पळ्या, मातीची भांडी हातानेच.

खरकटं काढायचं, पण विसळून लखलखीत करून आत ठेवायचं नाही. पावडरमधल्या एन्झाइमांना भाताची खळ आणि माशाचं प्रथिन खायलाच घातलेलं असतं. फक्त माशाचे काटे, खवले आणि किसलेलं खोबरं आत जाऊ देऊ नका. आम्ही फिल्टर एक दिवसाआड काढून धुतो. बांगड्याचं तिखलं केलं की त्याच रात्री.

आणि निसर्ग वादळ. ३ जून २०२० ला गेलेली वीज आमच्या गावात कित्येक आठवडे आली नाही. यंत्र दार लावून बंद राहिलं, आतल्या रबराला बुरशी धरली, तळाच्या पाण्याला वास आला. तेव्हापासून वापरात असो नसो, दार बोटभर उघडं ठेवतो.

चिपळूणहून

आमचं १३ सेटिंगचं यंत्र २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं. तळमजल्यावरचं स्वयंपाकघर छपरापर्यंत पाण्यात होतं, यंत्राचं काय घेऊन बसलात. चिखल काढून मेकॅनिकला दाखवलं, त्याने मान हलवली. पुन्हा घेताना ओट्यावर मावणारं ८ सेटिंगचं घेतलं. वशिष्ठी वाढायला लागली की नळ्या सोडवून आम्ही दोघं ते उचलून वर नेतो. मोठी कढई आत मावत नाही, हे खरं. पण आम्ही चौघंच आहोत, आणि पुराच्या गावात उचलता येणारं यंत्रच आम्हाला परवडतं.

मालवणहून

आमचं होमस्टे आहे. घरगुती यंत्र पाहुण्यांच्या ताटांसाठी वापरत होतो. पहिल्याच वर्षी हीटर गेला आणि कंपनीने व्यावसायिक वापर म्हणून वॉरंटी नाकारली. कार्डावर तसं छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. होमस्टेवाल्यांनो, आधी वाचा. बाकी, सोलकढीचे पेले आणि हळदीची ताटं एकदम स्वच्छ. हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे मात्र पिवळेच राहतात.

गुहागरहून

थोडक्यात. १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि चांगलं अर्थिंग पाहिजेच, पाणी तापवताना यंत्र २ हजार वॅटच्या आसपास घेतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं म्हणून स्टॅबिलायझर लावलाय. मागच्या बाजूला बारीक जाळी ठोका, उंदराने आमची नळी कुरतडली होती. इको प्रोग्रामला तीनेक तास लागतात, पण पाणी १० लिटरच्या आत-बाहेर आणि वीज साधारण १ युनिट. आम्ही रात्री जेवणं झाली की लावून झोपतो.

अलिबागजवळून

मी घेतलं नाही. आम्ही दोघंच, भांडी थोडी, आणि कामाला येणाऱ्या मावशी १५ वर्षं घरच्यासारख्या आहेत. यंत्र घेतलं तर त्यांचा पगार जाईल, हा विचार मला सोडवेना. दोन माणसांचं यंत्र भरायला दोन दिवस लागतात, तोवर मासळीचा वास बसतो, हाही हिशेब होताच. त्याऐवजी मोरी मोडून उभ्याने घासता येईल असं सिंक करून घेतलं. धागा काढणाऱ्यांच्या आईसाठी, यंत्र येईपर्यंत, निदान एवढं तरी लगेच करा.

पुन्हा रत्नागिरीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. सिंकचं काम गवंड्याला सांगितलंय, सोमवारपासून सुरू होईल. पट्टी आणून पाणी तपासलं, विहीर मऊ निघाली. तीन कंपन्यांना फोन केले; दोघींचा माणूस रत्नागिरीतच आहे, तिसरी बाद.

अडलंय ते टाकीपाशी. मी वाचलेल्या दोन्ही पुस्तिकांत पाण्याचा दाब किमान ०.५ बार हवा असं आहे, म्हणजे टाकीतलं पाणी यंत्राच्या नळाहून सुमारे ५ मीटर उंच. आमचं घर कौलारू, टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर. आज टेप लावून मोजलं, तर जेमतेम ३ मीटर भरतात. टाकीसाठी लोखंडी स्टँड करावा, तर खाऱ्या वाऱ्यात तो किती टिकेल? की दाबाचा छोटा पंप बसवावा? असा पंप लावून कुणी यंत्र चालवतंय का? आवाज किती होतो तेही सांगा, स्वयंपाकघराला लागूनच आईची खोली आहे.