जुळ्यांना एकाच वेळी कसं पाजता? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, मला जुळी झालीयेत, मुलगा आणि मुलगी, सिझर झालंय आणि बाळं जरा लवकर आल्यामुळे वजनाला कमी आहेत. एकाचं पिऊन होईपर्यंत दुसरं रडून बेजार होतं, त्याला घेतलं की पहिलं परत उठतं, म्हणून आता दोघांना एकदमच घ्यायचंय. नर्सने फुटबॉल होल्ड दाखवलाय, म्हणजे दोन्ही काखांखाली एकेक बाळ, पाय मागच्या बाजूला, टाक्यांवर भार येत नाही म्हणून मला तोच बरा वाटतो पण पलंगावर उशा सरकतात आणि मी पुढे वाकत जाते, पाठ आणि मान पार भरून येते. जुळ्यांसाठीची मोठी फीडिंग पिलो खरंच घ्यावी का, की लोड-तक्क्यांवर भागतं? मुलगी नीट पकडत नाही, नुसतं टोक तोंडात घेते, मग आधी तिला लावायचं का मुलाला? आणि रात्री एकटी असताना एक अंगावर असलं की दुसरं उचलायचं कसं, हे तर मला जमतच नाहीये. सासूबाई म्हणतात एकाला वरचं सुरू कर, डॉक्टर म्हणतात 6 महिने अंगावरचंच द्या, दोघांना पुरतं, मलाही तेच हवंय. प्लीज सविस्तर सांगा.