ब्रह्मदेशातील खेडेगावांत राहून तिथला जुना स्वयंपाक शिकता येईल का?

जांबोटीची लेक

सर्वांना नमस्कार. आम्ही बेळगावातील काही जणी मिळून कुळथाचे पीठ, मेतकूट, सांडगे आणि घरगुती चटण्या करून विकतो. माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, कुळथाचे पिठले आणि कट घरोघरी होतो. ब्रह्मदेशातील बागान परिसरात याच कुळथाचे पाणी आंबवून आणि आटवून त्याचा काळसर, आंबूस लगदा करतात व तो बराच काळ टिकतो, असे समजल्यापासून ती कृती करणाऱ्यांच्याच हाताखाली बसून शिकावी, असे मनाने घेतले आहे. हॉटेलात पर्यटकांसाठी जे तास-दोन तासांचे वर्ग चालतात, त्यांत मला रस नाही. मी शाकाहारी आहे आणि तिकडे ङापी, म्हणजे मासळीचा किंवा कोळंबीचा आंबवलेला लगदा, बहुतेक पदार्थांत पडतो, हे ऐकून आहे. गावातील घरी मुक्काम करता येतो का, शिकवणाऱ्यांना मोबदला कसा द्यावा आणि भाषा येत नसताना शिकणे कितपत जमते, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

निपाणीकर

ताई, आपण शिकण्यासाठी पदार्थ अतिशय योग्य निवडला आहे, कारण आपण म्हणता तो कुळथाचा लगदा, म्हणजे पोन-ये-जी, मुळातच बिनमासळीचा आहे आणि त्यातला कच्चा माल आपल्या हाताला ओळखीचा आहे. 2021 च्या लष्करी उठावापूर्वी मी बागान व न्याउंग-ऊ भागात हिंडलो आहे. हुलगे भरपूर पाण्यात तासन्‌तास शिजवायचे, पाणी गाळून रात्रभर ठेवायचे, आणि ते आंबले की दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढवून दाट होईपर्यंत आटवायचे, अशी ढोबळ कृती कोणीही सांगेल. खरे कौशल्य शेवटच्या टप्प्यात आहे. पाणी आटून लगदा जड झाला की तो तळाला धरू लागतो, त्यामुळे जाळ मागे ओढावा लागतो आणि ढवळणे क्षणभरही थांबवता येत नाही. आमच्याकडे गुऱ्हाळावर काहिलीतला पाक उतरवण्याची वेळ गुळव्या जशी फेसाच्या रंगावरून ओळखतो, तशीच नजर इथेही लागते, आणि ती शेजारी उभे राहून पाहिल्यावरच येते. त्यामुळे भाषेची अडचण आपल्याला वाटते तितकी मोठी ठरणार नाही. तयार लगद्यात कच्चा कांदा, मिरची आणि शेंगदाण्याचे तेल कालवून तो भाताबरोबर खातात.

एक गोष्ट मात्र मन लावून पाहावी, अशी विनंती आहे. तिथल्या कालवणाची सुरुवात फोडणीने होत नाही. कांदा, लसूण, आले आणि भिजवलेल्या सुक्या मिरच्या दगडी खलात कुटून हळदीसह तेलात घालतात आणि वाटणातले सगळे पाणी जाऊन तेल बाजूला येईपर्यंत मंद आचेवर परततात. आपला हात सवयीने आधी मोहरीकडे जातो, मग जिऱ्याकडे, आणि वाटण जरा लाल झाले की आपण पाणी ओततो. तिथे ते पाणी फार उशिरा पडते. चव तिथेच तयार होते आणि कालवण टिकण्याचे कारणही पुष्कळसे तिथेच आहे, कारण वाटणात पाणी राहिले तर कालवण लवकर आंबते.

शाकाहाराबद्दल सांगायचे तर, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तिथे बौद्धांचा वर्षावास असतो आणि त्या काळात मांस सोडणारे अनेक जण असतात. आपल्या चातुर्मासाशी हा काळ जवळजवळ जुळतो, त्यामुळे त्या दिवसांत आपले पथ्य यजमानांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ताडाच्या रसाचा गूळ पाहायचा असेल, तर मात्र कोरड्या महिन्यांतच जावे लागते. बागानहून पोपा डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो उघड्या कढईत आटवून त्याचे लहान गोळे वळतात, आणि तिथेच बैलाच्या घाण्यावर शेंगदाण्याचे तेल काढतानाही दिसते.

टिळकवाडीकर

निपाणीकरांनी कृती सुंदर सांगितली आहे. परंतु आज निघण्यापूर्वी परिस्थितीचा विचार व्हायलाच हवा. 1 फेब्रुवारी 2021 च्या उठावानंतर तिथे यादवी पेटली असून सागाइंग, चिन, राखाइन आणि शान प्रांतांच्या मोठ्या भागांत लढाई झाली आहे. 28 मार्च 2025 रोजी मंडालेजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे घाव वेगळेच. परदेशी माणसाने परवानाधारक निवासातच उतरावे, असा तिथला नियम आहे आणि घरी रात्री पाहुणा ठेवला तर त्याची नोंद द्यावी लागते. आपल्याला घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबालाच त्याचा त्रास होण्याची शक्यता असल्यामुळे, आग्रह झाला तरी मुक्काम करू नये, असे माझे ठाम मत आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नये.

प्रवास पुढे ढकलावा लागला, तर चेन्नई जवळ आहे. 1962 नंतर ब्रह्मदेश सोडून आलेल्या तमिळ कुटुंबांसाठी 1969 मध्ये तिथे बर्मा बाजार उभा राहिला. बीच स्थानकाच्या परिसरातील गाड्यांवर आजही अथो मिळतो. शेवया, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचे पाणी आणि तिखट हाताने कालवून तो देतात, आणि सोबत केळीच्या गाभ्याचे सूप असते. गर्दी नसताना गेल्यास विक्रेते मनापासून बोलतात.

जांबोटीची लेक

दोघांचेही आभार. मुक्कामाचा नियम मला ठाऊक नव्हता. यजमानांना अडचणीत आणून काहीही शिकायचे नाही, हे नक्की. सीमेपलीकडे थायलंडमध्ये असे काही शिकता येईल का?

येळ्ळूरकर

ताई, अवश्य येईल. थायलंडच्या वायव्येला मे होंग सोन नावाचा प्रांत आहे. तिथे शान लोकांची जुनी वस्ती असून खाणे बऱ्याच अंशी सीमेपलीकडचेच आहे. कुळथाचा लगदा तिथे मिळणार नाही, पण हरभऱ्याचा शान टोफू आणि सोयाबीन आंबवून, कुटून, पापडासारख्या चकत्या थापून वाळवलेला थुआ नाव या दोन्ही गोष्टी आपल्या उद्योगाला उपयोगी पडतील. थुआ नाव भाजून कुटला की बिनमासळीच्या स्वयंपाकात ङापीची जागा बऱ्यापैकी भरून काढतो.

मी तिथे एका वयस्क बाईंकडे टोफू शिकले. बेसन पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात, वर आलेले निवळ पाणी काढून टाकतात आणि उरलेले दाट दूध हळद-मीठ घालून शिजवतात. त्यात विरजण किंवा क्षार काहीच पडत नाही. पिठले झाले असे ज्या क्षणी आपल्याला वाटते, त्यानंतरही त्या बाई बराच वेळ ढवळतच होत्या. मिश्रणाला तकाकी आली आणि उलथन्यावरून ते धारेने न पडता पडद्यासारखे ओघळू लागले, तेव्हाच त्यांनी भांडे उतरवून ताटात ओतले. लवकर उतरवले, तर थंड झाल्यावर वडी सुरीला चिकटते. न थिजवता गरमच नूडल्सवर ओतून खायचीही तिथे पद्धत आहे.

मोबदल्याचे म्हणाल, तर रक्कम पहिल्याच दिवशी, मध्यस्थासमोर, दिवसाच्या हिशेबाने ठरवावी आणि सामानाचे व सरपणाचे पैसे वेगळे द्यावेत. चूल पेटण्याआधी पोहोचून निवडणे, धुणे आणि कुटणे यांत हातभार लावावा. निम्मे शिक्षण त्यातच होते. आपण ती वस्तू विकणार असाल, तर तेही आधीच सांगून त्यांची संमती घ्यावी. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बंगळूर, तिथून बँकॉक आणि पुढे चियांग माईमार्गे जाता येते. तिथल्या घाटरस्त्याला वळणे फार आहेत, म्हणून दिवसाउजेडी निघावे.