मुलीला स्टेरॉइड सुरू आहे, गाल फुगलेत. डोस निम्मा करू का?

ओवीचे बाबा, सातारा
मुलगी साडेचार वर्षांची, नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रोटीन जातं तो किडनीचा आजार) निघालंय. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहा आठवडे रोज आणि पुढे सहा आठवडे दिवसाआड द्यायचंय. दुसऱ्याच आठवड्यात लघवीतलं प्रोटीन निल आलं. पण आता गाल टम्म फुगलेत, सारखी खायला मागते, नाही म्हटलं की ताट भिरकावते. माझी आई म्हणते, प्रोटीन थांबलं तर औषध कशाला, पोरीच्या किडन्या जातील. निम्मं करून बघू का?

अर्णवची आई, मिरज
नाही दादा, मनाने अजिबात कमी करू नका. आजींची काळजी कळते, पण या औषधाने किडन्या जात नाहीत. या आजारावर पहिलं औषध तेच. निल आल्यावरही कोर्स पुरा करतात, नाहीतर आजार लवकर उलटायची भीती असते. शिवाय इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात. एकदम तोडलं तर ताप-उलट्यांत मूल गळून जातं, बीपी उतरतं. औषध दिल्यावर उलटी झाली तरी डॉक्टरांना विचारा.

सूज कुठली ते बघायला शिका. आजाराची सूज सकाळी पापण्यांवर दिसते, पायावरही येते. नडगीवर बोट दाबलं की खड्डा राहतो. स्टेरॉइडचे गाल गोल, घट्ट, खड्डा पडत नाही आणि लघवी निल असते. आम्ही रोज सकाळच्या लघवीत सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकून बघतो, दुधाळ झाली की प्रोटीन आहे. वहीत लिहून ठेवा. सलग तीन दिवस थ्री प्लस, म्हणजे खूप प्रोटीन, आलं तर लगेच दाखवा.

भूक खरी असते हो, तिला रागावू नका. काकडी, बिनमिठाच्या लाह्या, मुगाचं धिरडं हाताशी ठेवा. वेफर्स, फरसाण, लोणचं घरातच आणू नका, मीठ बीपी वाढवतं. चिडचिडही औषधाचीच. डोस उतरला तसा आमचा अर्णव निवळला, गालही हळूहळू बसले. बीपी, उंची आणि डोळे मात्र वेळच्या वेळी तपासून घ्या.

मेडिकलवाला, कराड
एक भर घालतो. सिरप देत असाल तर बाटली वाचा. पाच मिलीत ५ मिलिग्रॅम आणि पाच मिलीत १५ मिलिग्रॅम, अशी दोन्ही मिळतात. दुकान बदललं आणि बाटली बदलली तर तेवढ्याच चमच्यात तिप्पट औषध जाईल. सकाळी, खाऊन झाल्यावर द्या, झोप कमी बिघडते.

ओवीचे बाबा
आमची १५ ची आहे, आता बघितलं. ताई, अजून एक. बालवाडीत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला कालपासून कांजिण्या आल्यात.

अर्णवची आई
आत्ताच डॉक्टरांना फोन लावा, उद्यावर टाकू नका. एवढ्या डोसवर कांजिण्या जोरात उठू शकतात, म्हणून फोड यायच्या आधीच इंजेक्शन किंवा औषध द्यायचं का ते ते ठरवतील. तिला कांजिण्यांची लस झाली आहे का, तेही कार्डावर बघून सांगा. आणि बालवाडीत तूर्त पाठवू नका.