मदत हवी आहे: श्वासनलिकेतली कार्सिनॉइड गाठ, अख्खं फुफ्फुस काढायचं की स्लीव्ह (नळीचा तेवढा भाग कापून जोडणं) करायचं?

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला. धाकट्या बहिणीसाठी विचारतोय, वय 36, सासर पलूसचं. तिच्या डाव्या मुख्य श्वासनलिकेत गाठ आहे आणि बायोप्सीत 'टिपिकल कार्सिनॉइड' (सावकाश वाढणारा कॅन्सरचा प्रकार) आलंय. तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन होऊन पाच-दहा वर्षं झाली असतील, तर मला तुमच्याशीच बोलायचंय.

तिला बरेच दिवस दम लागायचा, छातीत एकाच बाजूला सूं सूं वाजायचं. बागेत फवारणी चालते, बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी असते, त्यामुळं सगळ्यांनी दमाच धरला आणि पंप दिला. पुढं खोकल्यातून रक्त पडलं, तर एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी! शेवटी मिरजेत सीटी काढला, दुर्बीण घातली. स्क्रीनवर मीही पाहिली ती गाठ: गुळगुळीत, लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखी. तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तुकडा फार जपून घेतला.

फुफ्फुसाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये ही गाठ 1 ते 2 टक्केच. टिपिकल प्रकाराचा तंबाखूशी ठाम संबंध सापडलेला नाही. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण "मिश्री लावायची का?" विचारतोच, आणि ती मान खाली घालते. कृपा करून कुणा आजारी माणसाला असं विचारू नका.

रिपोर्टमध्ये 2 चौरस मिलिमीटरमध्ये 2 पेक्षा कमी पेशीविभाजनं आहेत आणि मृत पेशी नाहीत, म्हणून टिपिकल. गाठ पूर्ण निघाली तर 10 पैकी 9 जण पाच वर्षांनंतरही असतात, एवढं वाचून धीर आलाय. पण पुढं दोन सर्जन, दोन मतं. एक म्हणतात, गाठ मुख्य नळीत आहे, डावं फुफ्फुसच काढू. दुसरे म्हणतात, स्लीव्ह करू, म्हणजे नळीचा तेवढा भाग कापून दोन्ही टोकं जोडू, फुफ्फुस वाचेल. मात्र कापलेली कड ऑपरेशन चालू असतानाच तपासून स्वच्छ निघाली पाहिजे, आसपासच्या लसीकाग्रंथी काढायच्या, आणि इतके दिवस तुंबलेलं खालचं फुफ्फुस कामाचं उरलेलं हवं. माझा कल स्लीव्हकडे आहे. या वयात निम्मा श्वास घालवायचा असेल, तर आधी दुसरा रस्ता नीट तपासायला नको का? बहीण एवढंच विचारते, "दादा, एका फुफ्फुसावर शेडवर उभं राहता येईल का?" काय सांगू तिला?

तर स्लीव्ह झालेल्यांनी सांगा, जोड पुढं आवळला का, परत दुर्बिणीतून फुगवून घ्यावा लागला का? एक फुफ्फुस काढलेल्यांना चढ, जिने, शेतातलं काम कितपत जमतं? ही गाठ कैक वर्षांनी परत येऊ शकते म्हणून किमान 10 वर्षं तपासण्या सांगतात. त्या तुम्ही कुठं करता, दर वेळी मुंबई गाठता का? आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत स्लीव्ह बसली का, की वरचे पैसे भरावे लागले?

भर: बऱ्याच जणांनी लेझरचं विचारलंय. आम्हीही विचारलं होतं. नळीत दिसते तेवढीच गाठ नसते, भिंतीतून बाहेरही गेलेली असू शकते, म्हणून नुसतं आतून जाळून भागत नाही. श्वास मोकळा करायला किंवा ऑपरेशन झेपणारच नसेल तर ते करतात. केमोबद्दल: टिपिकल गाठ पूर्ण निघाली तर सहसा लागत नाही, असं दोन्ही सर्जन म्हणाले.

डोटाटेट पेट स्कॅन (ही गाठ अंगात आणखी कुठं पसरलीय का ते बघणारा) झाला की महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परळला टाटा हॉस्पिटलात तिसरं मत घ्यायला जाणार आहोत. तिथं छातीच्या सर्जरीच्या ओपीडीत आणखी काय विचारून घ्यावं, तेही सुचवा. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलात तरी चालेल, मी फोन करीन.